उद्योगसमूह आणि लहान भागधारक : व्यवस्थापनशास्त्रातील संशोधनाचा कौल



तालुक्याच्या गावी राहणारा एखादा निवृत्त शिक्षक आपल्या पुंजीतून काही हजार रुपये बाजूला काढतो आणि एका नामांकित कंपनीचे भाग विकत घेतो. कायद्याच्या भाषेत त्या दिवसापासून तो त्या कंपनीचा एक मालक झालेला असतो. पण ही मालकी मोठी विलक्षण असते. कारखाना कोठे काढावा, माल कोणाकडून घ्यावा, कर्ज किती काढावे, नफ्यातील किती वाटावा, यांपैकी एकही निर्णय त्याच्या हाती नसतो. तो विश्वासावर पैसा देतो. हा विश्वास कितपत सार्थ ठरतो, आणि तो सार्थ ठरावा म्हणून काय करता येते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. भारतातील डीमॅट खात्यांच्या संख्येने २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात १० कोटींचा टप्पा ओलांडला. एकेकाळी मुंबईच्या दलाल स्ट्रीटपुरता मर्यादित असलेला हा प्रश्न आता जिल्ह्याजिल्ह्यांत, घरोघरी जाऊन पोहोचला आहे.

या प्रश्नावर गेल्या अर्धशतकात जगातील व्यवस्थापन महाविद्यालयांतून पुष्कळ संशोधन झाले. त्यातील काही महत्त्वाचे संशोधन तर थेट भारतीय कंपन्यांच्या ताळेबंदांवर उभे आहे. ते प्रामुख्याने इंग्रजी नियतकालिकांतून प्रसिद्ध झाल्यामुळे सामान्य गुंतवणूकदारापर्यंत क्वचितच पोहोचते. वास्तविक ते ज्याच्याविषयी आहे, त्याला ते ठाऊक असावयास हवे.

जुनी वहिवाट

आपल्याकडील संयुक्त भांडवली कंपन्यांचा इतिहास मुंबईच्या कापड गिरण्यांपासून सुरू होतो. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. १८७५ साली शेअर दलालांची संघटना अस्तित्वात आली आणि तीतूनच आजचा मुंबई शेअर बाजार उभा राहिला. मात्र गिरण्यांचे भाग लोकांनी घेतले तरी कारभार भागधारकांच्या हाती आला नाही. तो मॅनेजिंग एजन्सीच्या, म्हणजे व्यवस्थापन करणाऱ्या पेढीच्या हाती राहिला. ही पेढी भांडवल जमवी, कर्जाला हमी देई, यंत्रे आणवी, माल विकी आणि त्या बदल्यात दलाली घेई. मुंबईत आरंभीच्या काळात ही दलाली उत्पादनावर, दर पौंडामागे पाव आणा या हिशेबाने आकारली जाई. गिरणीला नफा होवो वा तोटा, सूत निघाले की पेढीचा पाव आणा ठरलेला. भागधारकाचे हित नफ्यात आणि कारभाऱ्याचे हित उत्पादनात, अशी ही फारकत होती.

या पद्धतीला केवळ दोष देऊन भागणार नाही. ज्या काळात दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्या संस्था नव्हत्या, अनुभवी व्यवस्थापक मिळत नव्हते आणि परक्या माणसाच्या कंपनीत पैसा घालण्यास कोणी धजत नव्हते, त्या काळात पेढीची पत हाच उद्योगाचा पाया होता. १९०७ साली पोलाद कंपनीचे भाग विक्रीस निघाले तेव्हा अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे ८,००० हिंदी लोकांनी ते घेतले. त्यामागे स्वदेशीची भावना जशी होती, तसाच टाटा या नावावरचा विश्वासही होता. एकाच पेढीच्या छत्राखाली कापड, वीज, सिमेंट, पोलाद असे नाना उद्योग येत गेले आणि त्यातून आज ज्यांना आपण उद्योगसमूह म्हणतो ते आकाराला आले. १९७० साली मॅनेजिंग एजन्सी पद्धती कायद्याने संपुष्टात आली. समूह मात्र राहिले.

मुंबई विद्यापीठातील एक महत्त्वाचा अभ्यास

समूह म्हणजे नेमके काय, त्यात कोणत्या कंपन्या मोडतात आणि त्यांवर ताबा कोणाचा, हे शोधण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न भारतात झाला, आणि तो मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ डॉ. आर. के. हझारी यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी १९५१ आणि १९५८ या दोन वर्षांच्या माहितीच्या आधारे मोठ्या समूहांची रचना उलगडून दाखविली. कंपनीचे भाग कोणाच्या नावावर आहेत एवढे पाहून भागत नाही. त्या भागधारक कंपनीचे भाग पुन्हा कोणाकडे आहेत, हे विचारावे लागते. असे एकेक पदर उलगडत गेले म्हणजे अखेरीस काही थोड्या घराण्यांपाशी येऊन धागा थांबतो. प्रत्यक्ष गुंतविलेला पैसा थोडा आणि ताबा मात्र फार मोठ्या मालमत्तेवर, असे चित्र त्यातून पुढे आले. आर्थिक सत्तेच्या केंद्रीकरणाविषयी त्या काळी जी चर्चा झाली आणि जिची परिणती १९६९ च्या मक्तेदारी प्रतिबंधक कायद्यात झाली, तिला या अभ्यासाचे मोठे साह्य झाले.

अमेरिकेतील प्रश्न आणि आपला प्रश्न

याच सुमारास अमेरिकेतील व्यवस्थापनशास्त्र एका वेगळ्याच प्रश्नाशी झगडत होते. अॅडॉल्फ बर्ल आणि गार्डिनर मीन्स यांनी १९३२ साली असे दाखविले होते की, अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांची मालकी असंख्य लहान भागधारकांत विखुरली गेली असून खरी सत्ता पगारी व्यवस्थापकांकडे गेली आहे. १९७६ साली रॉचेस्टर विद्यापीठातील मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांनी या विचाराला काटेकोर रूप दिले. दुसऱ्याच्या पैशाचा कारभार पाहणारा मनुष्य स्वतःच्या पैशाइतकी काळजी घेत नाही. त्याच्यावर देखरेख ठेवण्यास खर्च येतो, आणि देखरेख ठेवूनही काही नुकसान उरतेच. हा सारा बोजा अखेरीस कंपनीच्या मूल्यावर पडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

अमेरिकेत १९६० च्या दशकात एकाच कंपनीने परस्परांशी संबंध नसलेले अनेक व्यवसाय विकत घेण्याची लाट आली होती. पुढे तिचे परिणाम तपासले गेले. फिलिप बर्गर आणि एली ओफेक यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८६ ते १९९१ या काळात अनेक धंद्यांत पसरलेल्या अमेरिकी कंपन्यांचे मूल्य, तेच धंदे स्वतंत्रपणे चालले असते तर जे झाले असते, त्याहून सरासरी १३ ते १५ टक्क्यांनी कमी होते. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही आपली म्हण अशा आकड्यांनी सिद्ध झाली असे वाटावे. पुढील संशोधकांनी मात्र एक शंका काढली. मुळात दुबळ्या असलेल्या कंपन्याच जर नवनव्या धंद्यांकडे वळत असतील, तर दोष पसाऱ्याचा की मूळच्या दुबळेपणाचा? या शंकेने पहिल्या निष्कर्षाची धार बरीच बोथट झाली. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे वेगळे करणे या शास्त्रात सर्वांत अवघड असते, हे या वादातून दिसून आले.

शिवाय अमेरिकेचे चित्र हे जगाचे चित्र नव्हे. राफाएल ला पोर्ता, फ्लोरेन्सियो लोपेझ-दे-सिलानेस आणि आंद्रेई श्लायफर यांनी १९९९ साली २७ श्रीमंत देशांतील मोठ्या कंपन्यांची मालकी तपासली. त्यांना आढळले की, अमेरिका, ब्रिटन यांसारखे थोडे देश वगळता विखुरलेली मालकी हा अपवादच आहे. बहुतेक ठिकाणी कंपनीवर एखाद्या घराण्याचा किंवा शासनाचा ताबा असतो. अशा ठिकाणी मुख्य संघर्ष व्यवस्थापक विरुद्ध भागधारक असा राहत नाही. मोठा भागधारक आणि लहान भागधारक यांच्यात तो असतो. भारतातील प्रश्न नेमका हाच आहे.

पोकळी भरून काढणारे समूह

भारतीय समूहांच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद हार्वर्ड बिझिनेस स्कूलमधील तरुण खन्ना आणि कृष्णा पालेपू यांनी मांडला. अमेरिकेतील नियम भारताला जसाच्या तसा लावू नये, असे त्यांनी १९९७ साली प्रतिपादन केले. प्रगत देशात भांडवल हवे असल्यास बाजार असतो, व्यवस्थापक हवे असल्यास व्यवस्थापन संस्था असतात, करार मोडल्यास न्यायालय वेळेत निवाडा देते आणि मालाच्या दर्जाविषयी ग्राहकाला माहिती देणाऱ्या यंत्रणा असतात. विकसनशील देशात या संस्था अपुऱ्या असतात. ही संस्थांची पोकळी समूह आपल्या घरातच भरून काढतो. एका कंपनीचा नफा दुसऱ्या नव्या उद्योगाचे भांडवल बनतो. एका ठिकाणी तयार झालेला व्यवस्थापक दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडतो. टाटा समूहाने १९५६ साली अशा व्यवस्थापकांसाठी स्वतःची स्वतंत्र सेवाच सुरू केली होती. आणि समूहाचे नाव हीच ग्राहकाला व परदेशी भागीदाराला हमी ठरते.

या दोघांनी २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक बोलका आहे. भारतीय कंपन्यांची आकडेवारी तपासता त्यांना असे दिसले की, समूहाचा पसारा वाढू लागला की आरंभी त्यातील कंपन्यांची कामगिरी खालावते. परंतु एका मर्यादेपलीकडे पसारा गेला की ती सुधारू लागते, आणि सर्वाधिक विस्तारलेल्या समूहांतील कंपन्या स्वतंत्र कंपन्यांहून सरस ठरतात. याचा अर्थ असा की, पोकळी भरून काढण्याची ताकद ही थोड्यांचीच असते. मधल्या आकाराच्या समूहाला पसाऱ्याचा खर्च तेवढा सोसावा लागतो, लाभ मात्र पदरात पडत नाही.

उतरंड आणि भुयार

आता नाण्याची दुसरी बाजू. घरात मडक्यांची उतरंड रचतात, तशीच समूहात कंपन्यांची रचना पुष्कळदा एकीवर एक असते. समजा, प्रवर्तक घराण्याकडे पहिल्या कंपनीचे ५१ टक्के भाग आहेत. पहिलीकडे दुसरीचे ५१ टक्के आणि दुसरीकडे तिसरीचे ५१ टक्के आहेत. तिन्ही ठिकाणी बहुमत असल्याने तिन्ही कंपन्यांवर घराण्याचा पूर्ण ताबा आहे. परंतु तिसऱ्या कंपनीच्या नफ्यात घराण्याचा वाटा किती? ५१ टक्क्यांचे ५१ टक्के आणि त्याचे पुन्हा ५१ टक्के, म्हणजे सुमारे १३ टक्के. सत्ता शंभर टक्के आणि जोखीम तेरा टक्के!

आता या तिसऱ्या कंपनीतून १०० रुपये कसेही करून पहिल्या कंपनीत गेले, तर तिसरीतील हानीपैकी घराण्याच्या वाट्याला सुमारे १३ रुपये येतात, आणि पहिलीतील लाभापैकी ५१ रुपये मिळतात. म्हणजे घराण्याला निव्वळ ३८ रुपयांच्या आसपास फायदा. नवे धन कोठेच निर्माण झाले नाही. खालच्या कंपन्यांतील इतर भागधारकांच्या खिशातून ते वर सरकले, एवढेच. हे १०० रुपये नेण्यासाठी तिजोरी फोडावी लागत नाही. वरच्या कंपनीला माल स्वस्तात विकला, तिच्याकडून कच्चा माल महाग घेतला, अल्प व्याजाने कर्ज दिले, तिच्या कर्जाला फुकट हमी दिली, किंवा तिची जमीन चढ्या भावाने घेतली, की काम होते. प्रत्येक व्यवहार कागदोपत्री सुरळीत दिसतो. अशा व्यवहारांना या शास्त्रात ‘टनेलिंग’ म्हणजे भुयार खणणे असे नाव पडले आहे. हा शब्द चेक प्रजासत्ताकातून आला. तेथे १९९० नंतरच्या दशकात सरकारी कारखान्यांचे खाजगीकरण झाल्यावर कंपन्यांतील मालमत्ता अशाच छुप्या वाटांनी बाहेर गेली होती.

अशा उतरंडीतील धोका अमेरिकेनेही एकदा अनुभवला आहे. सॅम्युअल इन्सल यांचे वीज कंपन्यांचे साम्राज्य कंपनीवर कंपनी रचून उभे राहिले होते. मंदीच्या तडाख्यात १९३२ साली ते कोसळले आणि असंख्य लहान गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले. त्यानंतर १९३५ साली तेथील वीज व गॅस कंपन्यांच्या अशा रचनेवर कायद्याने कडक निर्बंध आले.

धक्क्याचा माग

भुयार असेल तर ते दिसणार कसे? व्यवहार करणारा स्वतः होऊन सांगत नाही आणि हिशेबात तशी नोंद नसते. या अडचणीतून मारियान बर्ट्रांड, पारस मेहता आणि सेंधिल मुल्लैनाथन या तीन संशोधकांनी काढलेली वाट अत्यंत कल्पक आहे. त्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तो १९८९ ते १९९९ या काळातील भारतीय कंपन्यांच्या माहितीवर आधारलेला आहे. ही माहिती मुंबईत १९७६ साली नरोत्तम शाह यांनी स्थापन केलेल्या ‘सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी’ या संस्थेने संकलित केलेली होती. पालेपू व खन्ना यांच्या अभ्यासालाही तिचाच आधार होता. जगातील विद्वानांनी भारतीय उद्योगांवर जे लिहिले, त्याचा कच्चा माल अशा रीतीने मुंबईत तयार झाला, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

त्यांची पद्धत साध्या शब्दांत अशी सांगता येईल. समजा, सिमेंटचे भाव वाढले आणि साऱ्या सिमेंट उद्योगाचा नफा वाढला. मग प्रत्येक सिमेंट कंपनीचा नफा तिच्या आकाराच्या मानाने किती वाढावयास हवा, याचा अंदाज बांधता येतो. आता स्वतंत्र कंपनीचा नफा अंदाजाप्रमाणे वाढला, पण समूहातील कंपनीचा तेवढा वाढला नाही, तर उरलेला पैसा गेला कोठे, असा प्रश्न विचारता येतो. कालव्यात वरून सोडलेले पाणी शेवटच्या शेतापर्यंत पुरे पोहोचले नाही, तर वाटेत कोठे तरी ते मुरते आहे किंवा कोणी तरी ते वळविले आहे, असे शेतकरी ताडतो, तसाच हा प्रकार.

या संशोधकांना असे आढळले की, समूहातील कंपन्यांना स्वतःच्या उद्योगातील तेजीचा लाभ स्वतंत्र कंपन्यांइतका होत नाही. ज्या कंपन्यांत प्रवर्तकांचा आर्थिक वाटा कमी, तेथे ही गळती अधिक दिसते. उलट ज्या कंपन्यांत प्रवर्तकांचा वाटा मोठा, त्यांचा नफा समूहातील खालच्या कंपन्यांच्या उद्योगात तेजी आली तरी वाढतो. मात्र वरच्या कंपनीतील तेजीचा लाभ खालच्या कंपनीला होताना दिसत नाही. पाणी एकाच दिशेने वाहते, आणि तेही उताराच्या उलट! आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. हा फरक मुख्य धंद्याच्या नफ्यात फारसा दिसत नाही. तो संकीर्ण उत्पन्न, अनियमित स्वरूपाच्या बाबी अशा, वाचक सहसा ओलांडून जातो त्या रकान्यांत आढळतो. शेअर बाजारालाही याची काही अंशी जाणीव असते आणि तीनुसार अशा कंपन्यांच्या भागांचे मूल्य ठरते, असेही त्यांना दिसले.

दुसरा विचार

या निष्कर्षामुळे सर्वच समूहांवर बोट ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. २०१२ साली जॉर्डन सीगल आणि पृथ्वीराज चौधरी यांनी हाच प्रश्न पुन्हा उकरून काढला. त्यांचा आक्षेप मूलभूत होता. समूहातील कंपनी आणि स्वतंत्र कंपनी एकाच उद्योगात असल्या तरी त्यांची धंद्याची रीत एकसारखी असते, हे कशावरून? एखादी कंपनी संशोधनावर, दर्जावर आणि विक्रीच्या जाळ्यावर खर्च करून चालते. दुसरी केवळ भावाच्या चढउतारावर तगते. मग उद्योगातील धक्क्याचा परिणाम दोघींवर वेगवेगळा होणारच. ही तफावत लक्षात घेतली नाही, तर धोरणातील फरक हा लबाडीचा पुरावा म्हणून गणला जाण्याचा धोका असतो. भारतीय आकडेवारी या दृष्टीने पुन्हा तपासता समूहातील कंपन्यांचा कारभार सरसकट वाईट असल्याचा निष्कर्ष टिकत नाही, असे त्यांनी दाखविले.

आणखीही एक बाजू आहे. भुयारातून पैसा नेहमी एकाच दिशेने जातो असे नाही. संकटकाळी प्रवर्तक स्वतःचा पैसा घालून डबघाईस आलेली कंपनी सावरतो, अशीही उदाहरणे आहेत, आणि संशोधकांनी त्यांचीही नोंद घेतली आहे. लहान भागधारकाला त्याचा लाभच होतो.

तेव्हा समूह चांगला की वाईट, असा प्रश्न विचारणे निरर्थक आहे. ताबा आणि आर्थिक वाटा यांत अंतर किती, आपसांतील व्यवहार किती उघड, आणि त्यांवर नजर ठेवणारा कोण, हे विचारावयास हवे.

एका डिसेंबरचा धडा

हे अंतर किती घातक ठरू शकते, याचे उदाहरण २००८ साली साऱ्या देशाने पाहिले. १६ डिसेंबर २००८ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या संचालक मंडळाने बांधकाम व जमीनजुमल्याच्या क्षेत्रातील मेटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेण्याचा निर्णय जाहीर केला. संगणक सेवेचा बांधकामाशी काय संबंध, हा प्रश्न तर होताच. पण मुख्य प्रश्न निराळा होता. सत्यममध्ये प्रवर्तक कुटुंबाचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी उरला होता आणि त्या दोन कंपन्यांत मात्र त्याच कुटुंबाचे हितसंबंध फार मोठे होते. एका खिशातील लोकांचा पैसा दुसऱ्या, स्वतःच्या खिशात जाणार, हे गुंतवणूकदारांनी तत्काळ ओळखले. न्यूयॉर्कच्या बाजारात कंपनीच्या रोख्यांचा भाव एका दिवसात निम्म्याहून खाली कोसळला आणि काही तासांतच तो बेत सोडून द्यावा लागला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेबात ७,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेची खोटी वाढ दाखविल्याची कबुली दिली.

या प्रकरणातील दोन गोष्टी विसरता येण्याजोग्या नाहीत. पहिली अशी की, त्या संचालक मंडळावर नामांकित व्यवस्थापन संस्थांमधील प्राध्यापकही होते. ज्ञान असणे आणि योग्य क्षणी प्रश्न विचारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी अशी की, जे संचालकांनी थांबविले नाही, ते भागधारकांच्या क्षोभाने थांबविले. लहान भागधारक एकेकटा दुर्बल असतो. परंतु तो जागा झाला तर त्याच्या एकत्रित नाराजीपुढे मोठमोठ्यांना माघार घ्यावी लागते.

कायद्याचे कुंपण

कायद्याने काही फरक पडतो काय? या प्रश्नाचेही उत्तर संशोधनाने दिले आहे. कंपन्यांच्या कारभारात सुधारणा सुचविण्यासाठी भांडवल बाजार नियामक ‘सेबी’ने नेमलेल्या कुमार मंगलम बिर्ला समितीची वार्ता ७ मे १९९९ रोजी जाहीर झाली. बर्नार्ड ब्लॅक आणि विक्रमादित्य खन्ना यांनी त्या दोन दिवसांतील भाव तपासले. ज्या मोठ्या कंपन्यांना नवे नियम आधी लागू होणार होते, त्यांच्या भागांचे मूल्य, ज्यांना ते लागू होणार नव्हते अशा लहान कंपन्यांच्या मानाने सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेले दिसले. शिस्तीचे बंधन येणार हे कळताच भाव वाढतो, याचा अर्थ गुंतवणूकदार शिस्तीला किंमत मोजावयास तयार असतो. कारखानदारांनाही यातून बोध घेण्यासारखा आहे. प्रामाणिक कारभाराची कंपनी बाजारातून स्वस्तात भांडवल उभारू शकते.

पुढील काळात हे कुंपण अधिक पक्के झाले. सत्यम प्रकरणानंतर प्रवर्तकांनी गहाण टाकलेल्या भागांची माहिती उघड करणे ‘सेबी’ने २००९ साली बंधनकारक केले. २०१३ च्या कंपनी कायद्याने संबंधित पक्षांशी होणाऱ्या व्यवहारांवर नियंत्रणे आणली, मोठ्या कंपन्यांच्या हिशेबतपासनीस संस्था ठराविक मुदतीनंतर बदलण्याची सक्ती केली आणि भागधारकांना एकत्र येऊन दाद मागण्याचा मार्ग खुला केला. मोठ्या स्वरूपाच्या संबंधित व्यवहारांना भागधारकांची संमती लागते, आणि अशा ठरावाच्या बाजूने हितसंबंधी पक्षाला स्वतःचे मत टाकता येत नाही. म्हणजे त्या एका ठरावापुरता लहान भागधारकच खरा मालक होतो.

या तरतुदीचे महत्त्व मारुती सुझुकी कंपनीच्या बाबतीत प्रत्ययास आले. गुजरातमधील नवा कारखाना भारतीय कंपनीऐवजी जपानी पालक कंपनीने स्वतःच्या मालकीने उभारावा, असा प्रस्ताव २०१४ च्या जानेवारीत जाहीर झाला. म्युच्युअल फंड व अन्य संस्थात्मक गुंतवणूकदारांनी त्यावर उघड आक्षेप घेतले. त्यानंतर अटींत बदल झाले, आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये अल्पसंख्य भागधारकांच्या मतदानाने तो मंजूर झाला. येथे उद्योग अडला नाही आणि भागधारकांचा शब्दही वाया गेला नाही. वाद झाला, अटी सुधारल्या आणि काम पुढे गेले. लोकशाहीत जे अपेक्षित असते तेच कंपनीतही अपेक्षित असते.

भागधारकाचे कर्तव्य

कुंपण कितीही भक्कम असले तरी राखणदार झोपला तर उपयोग नाही. या सर्व संशोधनातून सामान्य भागधारकाने उचलावयाचे काही मोजके धडे आहेत. कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आल्यावर अध्यक्षांचे भाषण आणि रंगीत चित्रे पाहून तो मिटू नये. ताळेबंदाला जोडलेल्या टिपा वाचाव्यात. त्यांत संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची यादी असते. समूहातील इतर कंपन्यांना दिलेली कर्जे व हमी दरवर्षी वाढत आहेत काय, ते पाहावे. मुख्य धंद्याचा नफा आणि संकीर्ण उत्पन्न यांची फारकत करावी. प्रवर्तकांचे स्वतःचे भाग किती आणि त्यांतील गहाण किती, हे तपासावे. हिशेबतपासनीसाने मुदतीपूर्वीच राजीनामा दिला असल्यास त्यामागचे कारण शोधावे. आणि ठरावाची सूचना आली की मतदान अवश्य करावे. आता त्यासाठी मुंबईच्या सभागृहापर्यंत प्रवास करावा लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मतदानाची सोय झाल्यापासून हे काम घरबसल्या होते.

देशाच्या औद्योगिक विकासाला भांडवल लागते, आणि ते भांडवल अखेरीस लाखो कुटुंबांच्या बचतीतूनच उभे राहते. पाव आण्याच्या दलालीपासून कंपन्यांच्या उतरंडीपर्यंत रूपे बदलली, तरी दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्याने तो आपला समजून सांभाळावा, आपला समजून वापरू नये, हे जुनेच सूत्र आजही लागू आहे. ते पाळले जाते की नाही, हे मोजण्याची साधने व्यवस्थापनशास्त्राने तयार करून दिली आहेत. त्यांचा उपयोग संशोधकांच्या शोधनिबंधांपुरता न राहता गावच्या त्या निवृत्त शिक्षकापर्यंत पोहोचला, तर त्याची मालकी केवळ कागदावरची राहणार नाही.